अरुंद रूळ आणि वारशाची व्याख्या

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९६० पासून रुळांचे उत्पादन होत आले आहे. देशातील रुंदमापी लोहमार्गांचा मोठा भाग याच रुळांवर उभा आहे. त्याच भिलाईच्या शेजारी, रायपूर ते धमतरी व अभनपूर ते राजिम, विसाव्या शतकाच्या आरंभापासून अडीच फूट मापाची ‘छोटी लाइन’ धावत होती. रेल्वेच्या एकीकरणाचे साधन आणि त्याचा परिणाम असे दोन्ही येथे एकाच परिसरात पाहावयास मिळतात.

हे एकीकरण दोन टप्प्यांत झाले. पहिला टप्पा मालकीचा. छोट्या लाइनची मालक बंगाल-नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारकडे आली, तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, १९०७ मध्ये खुली झालेली नेरळ-माथेरान गाडीही पुढे मध्य रेल्वेचा भाग झाली. दुसरा टप्पा मापाचा. १९९२ पासून राबविलेल्या ‘युनिगेज’ धोरणाने सर्व मार्ग एका मापावर आणण्याचे ठरविले.

या धोरणातून दार्जिलिंग, काल्का-सिमला व माथेरान हे डोंगरी मार्ग वगळले गेले. पहिल्या दोहोंस अनुक्रमे १९९९ व २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. अतिवृष्टीने अनेकदा उखडलेला माथेरानचा मार्गही दर वेळी पुन्हा बांधला गेला. बार्शी लाइनचे मात्र टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झाले. राजिमलाही २०२५ मध्ये रुंद मार्गावरून गाडी पोहोचली.

रुंदीकरणास केवळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. पंढरपूरच्या वारकऱ्यास दूरच्या गावाहून, मध्ये गाडी न बदलता, पोहोचता येऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न निवडीच्या कसोटीचा आहे. जेथे हौशी प्रवासी गेला, तेथे प्रवासवर्णने, छायाचित्रे व मार्गदर्शिका निर्माण झाल्या. आणि त्यांच्याच आधारे तो मार्ग ‘ऐतिहासिक’ ठरला. आषाढीचा वारकरी, राजिमच्या माघी मेळ्याचा यात्रेकरू, बाजारास निघालेली शेतकरी स्त्री यांनी तितकीच वर्षे प्रवास केला, परंतु त्यांचा प्रवास लिहिला गेला नाही. त्यामुळे त्यांचा मार्ग केवळ ‘तोट्यातला’ ठरला.

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकास ही विभागणी अपरिचित नाही. लिखित ग्रंथ ‘परंपरा’ म्हणून जपला जातो. मौखिक रचना गाणाऱ्याबरोबर लोपते. म्हणून ही लाइन तौलनिक अभ्यासाचाही विषय ठरते. रेल्वेचे दप्तर, पर्यटकाचे वर्णन आणि प्रवाशांची आठवण ही तिन्ही साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. त्यांपैकी पहिली दोन ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. तिसरे साधन आज कुर्डुवाडी, बार्शी, अभनपूर आणि राजिम येथील वृद्धांच्या मराठी व छत्तीसगढी बोलण्यात आहे. उखडलेले रूळ परत टाकता येणार नाहीत. पण त्यांवरून गेलेल्यांची वाणी टिपून घेण्यास अद्याप अवधी आहे, आणि तो फार नाही.