आजोबांचा कळफलक

2001 सालची गोष्ट. त्या वेळी आम्ही डोंबिवलीस राहत होतो. आजोबा ठाण्याच्या एका कचेरीत टंकलेखक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या वडिलांची मोडी लिपीतील वही संगणकावर देवनागरीत उतरवून काढावयास घेतली होती. वहीची पाने कडेने तुटू लागली होती. अशातच जुना संगणक बंद पडला व घरी नवा आला. त्याचा हलका कळफलक आजोबांच्या बोटांस मानवेना. त्यांना आपला जुना, वजनदार कळफलकच हवा होता. परंतु त्याचा प्लग अंगठ्याएवढा जाड व पाच पिनांचा, आणि नव्या यंत्राचे सॉकेट लहान व सहा छिद्रांचे! आजोबांनी मुकाट्याने वही मिटली.

मी कळफलक घेऊन कल्याणास मामांकडे गेलो. मामा रेडिओ दुरुस्त करीत.

"1987 साली आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने हा लहान जोड आणला," मामा म्हणाले. "आकार बदलला, पण आतील बोली तीच राहिली. काम चारच तारांचे. एक 5 व्होल्टची वीज आणते, दुसरी भूमीची, म्हणजे वीज परत नेणारी. तिसरीतून अक्षरांचे संकेत जातात आणि चौथी त्या संकेतांना ताल देते."

त्यांनी एका बिघडलेल्या माऊसची दोरी कापली. लहान प्लग फुकटच मिळाला! मोठे सॉकेट खणात होते. जुन्या टेपरेकॉर्डरला असे ते तेच. मग मामांनी कागदावर लिहून दिले: मोठ्याचा 1 लहानाच्या 5 ला, 2 हा 1 ला, 4 हा 3 ला आणि 5 हा 4 ला.

"रंगांवर विसंबू नकोस. प्रत्येक कारखान्याचे रंग निराळे. कोणती तार कोठे जाते, ते मल्टिमीटरने पाहा."

मोठ्या सॉकेटातील छिद्रांचे क्रमांक ओळीने नसतात. अर्धवर्तुळावर ते 1, 4, 2, 5, 3 असे येतात. मी ते समोरून नीट पाहून ठेवले, सॉकेट उलटे केले आणि मागील बाजूस कथलाचा डाख देऊन चारही तारा जोडल्या. मल्टिमीटर लावताच मोठ्याच्या 4 वर व लहानाच्या 4 वर सूचक आवाज आला.

"चाराला चार मिळाला!" मी आनंदाने ओरडलो.

मामांनी कागद पुढे केला. मोठ्याचा 4 म्हणजे भूमी. लहानाचा 4 म्हणजे वीज! सॉकेट उलटे केल्यावर डावे उजवीकडे जाते, हे मी विसरलो होतो. त्यामुळे 4 व 5 यांची अदलाबदल झाली होती. तसेच जोडले असते, तर कळफलकात वीज उलटी शिरली असती आणि आजोबांचा कळफलक कदाचित कायमचा गेला असता. माझे हात गार पडले. मी सर्व डाख सोडवून पुन्हा दिले, आणि या वेळी प्रत्येक तार दोनदा तपासली.

संध्याकाळी मामा मला स्टेशनावर पोचवावयास आले. "मामा, कोणतेही दोन जोड असेच जुळतात का?" मी विचारले.

"छे! आतील बोलीच निराळी असेल, तर नुसत्या तारेने भागत नाही," असे म्हणून त्यांनी वर बोट दाखविले. त्या काळी कल्याणहून इगतपुरीपर्यंत रेल्वेच्या तारेत 1500 व्होल्टचा दिष्ट प्रवाह होता, आणि इगतपुरीपुढे 25000 व्होल्टचा प्रत्यावर्ती. तेथे कित्येक गाड्यांचे इंजिनच बदलावे लागे. दोन्ही प्रवाहांवर चालणारी काही इंजिनेही होती. पण त्यासाठी त्यांच्या पोटात केवढी तरी यंत्रसामग्री भरलेली असे. पुढे 2015 साली मुंबईपर्यंतच्या मुख्य मार्गावरही 25000 व्होल्टचाच प्रवाह आला.

घरी येताच मी संगणक बंद केला, मगच प्लग बसविला. यंत्र सुरू झाले. आजोबांनी बोटे मोडली, चष्मा पुसला आणि वही उघडली. खोलीत पुन्हा तो खटखटाट घुमू लागला.

"शाईची फीत संपली की सांग हो!" आजोबा म्हणाले, आणि स्वतःच हसू लागले.