माढ्याचं पाणी संगणकावर मांडताना

१. आधी पाणी कुठल्या आभाळाचं ते बघावं. भीमेवरच्या उजनी धरणाची भिंत माढा तालुक्यात, पण धरण भरतं ते मावळ-मुळशीच्या पावसावर. म्हणून वरून धरणात किती पाणी येतंय ते कळायला जुलैत इथे पहिला प्रश्न असतो, ‘दौंडचा विसर्ग किती?’ तालुक्याच्या पूर्वेची सीना मात्र नगरकडून येते, परंड्याच्या बाजूचं पाणी पोटात घेत. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने काठची गावं बुडवली तो पाऊस सह्याद्रीतला नव्हता. एकाच तालुक्याच्या या दोन नद्यांना एक मॉडेल पुरत नाही.

२. जमिनीत ओल किती, हे कळल्याशिवाय पावसाच्या आकड्यावर बोलू नये. पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते जमिनीला क्रमांक देऊन काढायची कर्व्ह नंबरची पद्धत जुनी आणि साधी आहे, पण हे तिच्याइतकं स्वच्छ कुणी दाखवत नाही. ८० क्रमांकाची जमीन घ्या आणि तिच्यावर ६० मिमी पाऊस पाडा. ओल बेताची असेल तर २० मिमीच्या आसपास पाणी वाहून जातं. रान कोरडंठाक असेल तर जेमतेम ५ मिमी. आणि आधीचे ५ दिवस झड लागून गेली असेल तर ३७ मिमीच्या घरात. १ मिमी म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर. म्हणजे पाऊस तोच, ढग तोच, आणि कोरड्या-भिजल्या रानातला फरक हेक्टरी तीन लाख लिटरांच्या वर! जूनचा पाऊस बांधातच जिरतो आणि हस्ताचा तेवढाच पाऊस ओढ्याला पूर आणतो, याचं कारण एवढंच.

३. काळ्या रानाच्या भेगा हिशेबात धराव्यात. उन्हाळ्यात मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून सरळ खाली उतरतं, माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन पाणी आत घ्यायला तयार होत नाही. उपग्रहाला दिसते ती वरच्या पाच-एक सेंटीमीटरची ओल. मालदांडी ज्वारी पोसते ती खालच्या ओलीवर. मला पुराच्या आकड्याइतकीच ही खालची ओल महत्त्वाची वाटते, कारण रब्बीचं पीक तिच्यावर उभं राहतं. त्यासाठी कुदळ घेऊन रानात खणूनच बघावं लागतं.

४. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक म्हणजे अख्खं मंडळ नव्हे. वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. मापकाच्या आकड्याशेजारी लोकांच्या विहिरींची पातळीही लिहून ठेवावी.

५. एप्रिलात ओढा वाहताना दिसला तर पाऊस शोधत बसू नये. तो कालव्याचा पाझर असतो किंवा उसाच्या रानातून निथळलेलं पाणी. भीमा-सीना जोडकालव्यातून तर उजनीचं पाणी थेट सीनेत उतरतं. कालव्याच्या आवर्तनांच्या तारखा घातल्या नाहीत, तर मॉडेल हे पाणी पावसाच्या नावावर मांडतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

६. उत्तर क्युसेकमध्ये देऊन थांबू नये. नदीकाठच्या शेतकऱ्याला विचारायचं असतं, ‘नदीतली मोटार आज रात्री काढू का सकाळी?’ अंधारात, चिखलात चार माणसं लावून मोटार वर ओढावी लागते. उशीर झाला तर मोटार, पाइप, स्टार्टरची पेटी सगळंच वाहून जातं. गावाच्या पुलाला पाणी किती वाजता लागेल, एवढं दिवस मावळायच्या आत सांगता आलं, तर त्याला माणसं गोळा करायला वेळ मिळतो.