जुन्या कॉम्प्युटरचा राउटर: फुकट किती, महाग किती?

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ न पेलणारे कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर तेव्हापासून माळ्यावर जात आहेत. त्यांचा राउटर करता येतो. ओपीएनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत सॉफ्टवेअर त्यावर घातली की घरातल्या प्रत्येक उपकरणावरच्या बऱ्याच जाहिराती एकाच ठिकाणी अडवता येतात, पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे ठेवता येते. घरात कुणी मोठी फाइल चढवत असताना दुसऱ्याच्या मीटिंगचा आवाज तुटणेही आटोक्यात येते. दहा वर्षांपूर्वीचा आय-३ प्रोसेसर घरगुती फायबरचा वेग सहज सांभाळतो.

पण राउटर चोवीस तास चालतो, आणि खरा खर्च तिथे आहे. जुना टॉवर काही काम नसतानाही साधारण ५० वॉट खातो. म्हणजे महिन्याला ३६ युनिट, वर्षाला ४३८. दहा रुपये युनिट धरले तर वर्षाचे जवळजवळ ४,४०० रुपये. इंटरनेट कंपनीने दिलेला फायबरचा डबा तर चालू ठेवावाच लागतो, त्यामुळे ही वीज त्याच्या वर. हिशेब करताना बिलातला सरासरी दर धरू नका. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात. ही वाढीव युनिट तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात, तेव्हा तोच दर लावा. टॉवरमध्ये ग्राफिक कार्ड असेल तर वीज वाचवायला ते आधी काढून टाका.

म्हणून माझी पहिली पसंती जुन्या लॅपटॉपला. स्क्रीन बंद ठेवली तर तो १५ वॉटच्या आसपास राहतो: वर्षाला सुमारे १३० युनिट, १,३०० रुपये. शिवाय बॅटरी म्हणजे घरचाच यूपीएस. मात्र ती फुगलेली नाही ना हे आधी बघा आणि अधूनमधून तपासत राहा. लॅपटॉप बंद कपाटात कोंबू नका. राउटरला दोन लॅन पोर्ट लागतात आणि लॅपटॉपला बहुधा एकच असतो, दुसऱ्यासाठी हजारेक रुपयांचा यूएसबी अडॅप्टर लागतो. असे अडॅप्टर ओपनडब्ल्यूआरटीवर नीट चालतात. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभे आहे आणि तिथे ते कुरकुर करतात.

टॉवरच वापरायचा असेल तर दुसरे लॅन कार्ड घ्या, आणि ते इंटेल चिपचेच घ्या. रिअलटेकचे कार्ड स्वस्त पडते, पण फ्रीबीएसडीवर त्याच्या तक्रारी जुन्या आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेली इंटेल कार्डे मिळतात. हजार-दीड हजार बाजूला ठेवा. जुनी हार्डडिस्क काढून लहान एसएसडी घाला. बायोसची नाण्याएवढी बॅटरी ४०-५० रुपयांना येते, तीही बदला. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावे अशी सोय बायोसमध्ये असते. ती चालू केली नाही तर प्रत्येक वेळी कुणाला तरी उठून बटण दाबावे लागेल.

वायफायची अपेक्षा या मशीनकडून ठेवू नका. सध्याचा राउटर फेकू नका, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करून त्याला फक्त वायफाय देणारा अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. हा खर्च शून्य. फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायला, म्हणजे राउटरचे काम त्याच्याकडून काढून घ्यायला, कंपनीला फोन करा आणि ती पीपीपीओई लॉगिन वापरत असेल तर त्याचे युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. त्याच डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर ब्रिज मोडमध्ये ते बंद पडेल का, हे आधी विचारा. कंपनी नाही म्हणाली तरी काम अडत नाही. दोन राउटर एकामागे एक राहतात, काही गेम आणि बाहेरून घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणे तेवढे अडखळते.

भारनियमनाच्या गावात आणखी एक खर्च धरा. फायबरचा डबा बंद पडला तर लॅपटॉपच्या बॅटरीचा काही उपयोग नाही. डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लागतो, सुमारे दीड हजारांचा. टॉवर इन्व्हर्टरवर टाकलात तर घरातले पंखे लवकर थांबतील.

काही विकत घेण्याआधी विजेचे माप दाखवणारा स्मार्ट प्लग मिळवा आणि मशीन दिवसभर त्यावर चालवा. आकडा ३० वॉटच्या आत राहिला तर पुढे जा. वर गेला, तर दोन वर्षांच्या विजेच्या पैशांत ओपनडब्ल्यूआरटी चालणारा चांगला नवा राउटर येतो. तो घ्या आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या एखाद्या मुलाला लिनक्स घालून द्या.