शिसवीचे लाकूड : एक वस्तुपाठ

गावातील एखाद्या जुन्या घरात काळसर रंगाचा जड पाट किंवा झोपाळ्याची फळी आढळते. वर्षानुवर्षे हाताळून ती गुळगुळीत झालेली असते; पण वाकलेली किंवा किडलेली नसते. पुष्कळदा ती शिसवीची असते. हे लाकूड इतके का टिकते, हे मुलांनी स्वतः पाहून जाणावे, हा या पाठाचा उद्देश.

साहित्य : शिसवीचा व सावरीचा सारख्या मापाचा एकेक वाळलेला तुकडा, बादलीभर पाणी, ओले फडके. तुकडे सुताराकडील टाकाऊ लाकडातून मिळवावेत. पाठासाठी झाड तोडू नये.

निरीक्षण : शिसवीच्या ओंडक्याचा आडवा छेद दाखवावा. कडेचा फिकट, अरुंद भाग म्हणजे रसकाष्ठ. जिवंत झाडात पाणी यातूनच वर चढते. आतील गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ. झाड वाढते तशा आतील पेशी मरतात व त्यांत रंगीत द्रव्ये साठतात. या द्रव्यांमुळे कीड व बुरशी सहसा लागत नाही. फिकट भाग मात्र भुंगे पोखरतात. म्हणून सुतार तो काढून टाकतो. तासलेल्या तुकड्यावर ओले फडके फिरवताच तपकिरी-जांभळ्या रंगावरील काळ्या रेषा उठून दिसतात.

प्रयोग : दोन्ही तुकडे पाण्यात सोडावेत. सावर बरीच वर तरंगते. शिसव जवळजवळ बुडते. वाळलेली १ घनमीटर शिसव सुमारे ८५० किलोग्रॅम भरते. सावर तिच्या निम्म्याहूनही कमी.

सुतारकाम : शिसवीचे तंतू थराथराने उलटसुलट दिशांना वळलेले असतात. त्यामुळे रंधा मारताना ढलपी उपटून येते व हत्याराची धार लवकर जाते. खिळा ठोकण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडावे लागते. कापलेल्या फळ्या मधे पट्ट्या ठेवून सावलीत सावकाश वाळवाव्यात. इतके कष्ट घेतल्यावर मात्र उत्तम चकाकी येते. पलंग, कपाटे, कोरीव नक्षी व वाद्ये यांसाठी हे लाकूड म्हणूनच मोलाचे ठरले.

चर्चा : हेच मोल झाडाच्या मुळावर आले. जाड मध्यकाष्ठ तयार होण्यास अनेक दशके लागतात. तोडीस एक दिवसही पुरतो. बेसुमार तोडीमुळे शिसव आज संकटग्रस्त जातींत गणली जाते, आणि २०१७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

उपक्रम : शिसव शेंगांच्या कुळातील वृक्ष आहे. तिच्या एका पानाला बहुधा ५ ते ७ गोलसर पर्णिका असतात. शेंग चपटी व पातळ असते. या खुणांवरून मुलांनी शिवारातील शिसवी शोधून त्यांची नोंद करावी. शिसवीच्या मुळांतूनही नवे कोंब फुटतात. अशा कोंबांभोवती काट्यांचे कुंपण घालून गुरांपासून त्यांचे रक्षण करावे. आज राखलेल्या कोंबाची फळी या मुलांच्या नातवंडांना मिळेल, एवढे शिक्षकांनी शेवटी अवश्य सांगावे.