कंपवाताची नर्स : दोन अपॉइंटमेंटच्या मधलं माणूस



देणगी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वस्तू येतात. व्हीलचेअर, तपासणीचं मशीन, ॲम्ब्युलन्स. वस्तूचा फोटो काढता येतो, तिच्यावर मंडळाचं नाव घालता येतं. ह्या लेखात मात्र एका माणसाच्या शिक्षणाबद्दल लिहितोय : कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, आणि तशाच हालचालींच्या विकारांसाठी खास तयार झालेली नर्स. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. वाचून जे समजलं ते सोप्या शब्दांत मांडतो. औषधांचे निर्णय आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

उरायासु म्हटलं की पाहुण्यांना डिस्नेलँड आठवतं. पण जुन्तेन्दो विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल आणि नर्सिंगचं शिक्षण देणारी शाखाही इथेच आहे. ह्याच विद्यापीठाच्या संशोधकांचा, तरुण वयात होणाऱ्या कंपवाताशी संबंधित 'पार्किन' हा जीन १९९८ साली शोधण्यात मोठा वाटा होता.

आजार थोडक्यात

मेंदूतल्या ठरावीक पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या हळूहळू मरतात, आणि हालचाल मंदावते, अंग ताठरतं, बऱ्याच जणांचा हात थरथरतो. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आलं, आणि आजही मुख्य आधार त्याचाच आहे. आपल्या कोकणात कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांमध्येही हेच द्रव्य असतं. (म्हणून घरच्या घरी प्रयोग करू नयेत, प्रमाण कळत नाही.)

सुरुवातीची काही वर्षं गोळी छान चालते. पुढे तिचा असर तीन-चार तासांत उतरू लागतो. मग दिवसातून पाच-सहा वेळा, घड्याळ लावून गोळी घ्यावी लागते. अर्धा तास उशीर झाला तरी माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. त्यात आपलं जेवण! डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात, म्हणून बहुतेकांना ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात.

आता हिशोब करा. न्यूरॉलॉजिस्टची भेट तीन-चार महिन्यांनी, दहा-पंधरा मिनिटांची. मधले नव्वद दिवस कोण बघणार? ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही नर्स.

ती काय शिकते?

१) वेळापत्रक वाचायला. गोळी कधी घेतली, असर कधी चढला, कधी उतरला, ह्याची वही ती रुग्णाकडून लिहून घेते. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग. तो पाहिल्याशिवाय डोस वाढवायचा की नुसती वेळ बदलायची, हे कळत नाही.

२) आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा बीपी घ्यायला. उभं राहताच ते २० अंकांनी किंवा जास्त खाली येत असेल तर पडण्याचा धोका असतो.

३) चाल पाहायला. दारात, उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा ओढायचं नाही. जमिनीवर रंगीत पट्ट्या लावायच्या, किंवा एक-दोन, एक-दोन असा ठेका द्यायचा.

४) रुग्ण आपणहून सांगत नाही ते विचारायला. बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं, नसलेली माणसं दिसणं, गिळताना ठसका. काही औषधांमुळे जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, तेही लाजेखातर लपवलं जातं.

५) धोक्याची औषधं ओळखायला. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड किंवा हॅलोपेरिडॉल अशा रुग्णांना सहसा देत नाहीत. आणि लेव्होडोपा एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

६) यंत्रं सांभाळायला. मेंदूत बसवलेला स्टिम्युलेटर, त्वचेखालून औषध देणारा पंप (जपानमध्ये असा लेव्होडोपाचा पंप २०२३ साली आला). सुई कशी बदलायची, त्वचा लाल झाली तर काय करायचं, हे घरच्यांना तीच शिकवते.

कुठे काय आहे?

ब्रिटनमध्ये खास पार्किन्सन्स नर्स १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आहेत. हॉस्पिटलमध्ये गोळ्या वेळेवर मिळाव्यात ह्यासाठी तिथे २००६ पासून मोहीमही चालली, कारण वॉर्डात औषधांची फेरी आठला आणि रुग्णाची गोळी सातची! नेदरलँड्समध्ये २००४ साली 'पार्किन्सननेट' सुरू झालं. गावागावांतल्या फिजिओथेरपिस्टना, नर्सना प्रशिक्षण देऊन एकमेकांशी जोडलं गेलं.

जपानमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून, प्रशिक्षण पूर्ण केलेल्या नर्सना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार ३८ प्रकारची कामं स्वतः ठरवून करता येतात. शिवाय घरी येणाऱ्या नर्सची पद्धत इथे चांगलीच रुळलेली आहे.

भारतात नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आणला, पण तो अतिदक्षता विभागासाठी. कंपवातासाठी मुंबईची 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' २००१ पासून काम करते, आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. व्यायाम, माहिती, एकमेकांना धीर, हे ह्या मंडळींनी घडवलं. पण न्यूरॉलॉजिस्ट बहुतेक मोठ्या शहरांत. लातूर किंवा सिंधुदुर्गातल्या आजोबांना मधल्या नव्वद दिवसांत फोन करायला हक्काचं माणूस हवंच.

पैसे देताना काय विचारावं?

एखादी संस्था नर्सच्या प्रशिक्षणासाठी मदत मागत असेल, तर मोकळेपणाने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : शिकवणार कोण, आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती दिवस? नुसत्या व्याख्यानांनी हात तयार होत नाही.

दुसरा : ती शिकायला गेली की तिच्या जागी ड्यूटी कोण करणार? बदली नर्सचा पगार निधीत धरलेला नसेल तर तिला सुट्टीच मिळत नाही, आणि कोर्स कागदावर राहतो.

तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा : परत आल्यावर तिला त्याच विभागात ठेवणार का? सहा महिन्यांत तिची बदली प्रसूती विभागात झाली तर आपले पैसे आणि तिची मेहनत दोन्ही वाया. निदान तीन वर्षांची लेखी हमी मागावी.

व्हीलचेअर एका वेळी एकाच्या उपयोगी पडते. नीट शिकलेली नर्स वर्षानुवर्षं अनेकांच्या उपयोगी पडते, शिवाय पुढच्या दोघी-तिघींना शिकवते.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी रविवारी फोनवर "बरे आहात ना?" एवढंच विचारू नये. "गोळी किती वाजता घेतली, आणि असर किती वाजता उतरला?" हेही विचारावं, आणि लिहून ठेवावं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडेल.