जीपगाडीतील संरक्षक पिंजरा : रचना, मर्यादा आणि कायदा

ग्रामीण प्रशासनाच्या इतिहासात जीपगाडीचे स्थान मोठे आहे. तहसीलदार, गटविकास अधिकारी, लस घेऊन पाड्यावर जाणारे आरोग्य पथक, मतपेट्या पोहोचविणारे कर्मचारी या सर्वांना रस्ता संपल्यावरही पुढे नेणारी गाडी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेली विलीज जीप स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे आली. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला तिची जोडणी केली व पुढे कांदिवलीस मोठा कारखाना उभा राहिला. कांदिवलीहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले, की बोरिवली व दहिसरनंतर मीरा रोड आणि भाईंदर लागतात. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. मिठागरांच्या या परिसरात आज गाळ्यागाळ्यांतून लोखंड व स्टेनलेस स्टीलचे काम चालते. हौसेने जुनी जीप बाळगणाऱ्या तरुणाला गाडीत ‘रोल केज’ म्हणजे संरक्षक पिंजरा बसवावयाचा असेल, तर तो बहुधा अशाच एखाद्या गाळ्याच्या दारात उभा राहतो. दारे-खिडक्यांच्या जाळ्या बनविणारा कारागीर हे काम सहज अंगावर घेतो, आणि अडचणीची सुरुवात बहुतेक वेळा तेथेच होते.

प्रथम गाडी का उलटते ते पाहू. जीपची जमिनीपासूनची उंची जास्त व दोन चाकांमधील रुंदी कमी असते. समजा, डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. अशी गाडी उभ्या स्थितीत आडव्या उतारावर सुमारे ४३ अंशांपर्यंत तग धरील. आता १,४०० किलो वजनाच्या या गाडीच्या टपावर, जमिनीपासून १९० सेंटिमीटर उंचीवर, २०० किलो सामान लादा. गुरुत्वमध्य ८५ सेंटिमीटरवर चढतो आणि तग धरण्याची मर्यादा ३७ अंशांच्या आसपास येते. हे गणित थांबलेल्या गाडीचे आहे. वळणावरील वेग, खड्डा, एका बाजूचे चाक साइडपट्टीवरून खाली उतरणे, यांमुळे प्रत्यक्षात गाडी याहून कितीतरी आधी कलंडते. घोडबंदर मार्गावरील गायमुखच्या घाटातून रोज जाणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल : एक काड्यापेटी आडवी व दुसरी उभी अशा दोन्ही एकाच फळीवर ठेवून फळी हळूहळू कलती करावी. पेट्या घसरू नयेत म्हणून फळीवर खरखरीत कापड पसरावे.

जुन्या जीपला वर कापडी हूड आणि पुढे दुमडता येणारी काच असे. गाडी उलटली म्हणजे कापड, त्याच्या बारीक कांबी आणि काचेची चौकट क्षणात सपाट होत, आणि सगळे ओझे आत बसलेल्यांच्या डोक्यावर येई. पिंजऱ्याचे काम एवढेच, की गाडी उलटल्यावरही माणसाच्या भोवतीची जागा शिल्लक राहावी. गाडी उलटू नये यासाठी त्याचा काडीइतकाही उपयोग नाही. उलट त्याचे स्वतःचे वजन वरच्या भागात पडते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ४५ मिलिमीटर व्यासाच्या व अडीच मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचे वजन दर मीटरला सुमारे २.६ किलो भरते. वीस मीटर नळी लागली, तर पन्नास किलोहून अधिक भार वाढला. तेव्हा पिंजरा बसविला म्हणून टपावर आणखी सामान लादणे म्हणजे एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने घालविणे होय.

नळीच का, भरीव सळई का नाही, असा प्रश्न पंचायतीच्या बैठकीत कोणीतरी विचारीलच. वर सांगितलेल्या नळीइतक्याच वजनाची भरीव सळई घेतली, तर तिचा व्यास जेमतेम साडेवीस मिलिमीटर होतो, आणि वाकण्यास विरोध करणारा तिचा ताठरपणा नळीच्या सुमारे आठवा हिस्सा भरतो. धातू मध्यापासून दूर ठेवला की तो अधिक कामास येतो. बांबू पोकळ असूनही का टिकतो, याचे उत्तर यातच आहे.

मोटार शर्यतींचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पिंजऱ्याचे काटेकोर नियम केले आहेत. सामान्य वाहनधारकाला ते बंधनकारक नाहीत, तथापि चांगले काम कशाला म्हणावे याचा तो उत्तम मापदंड आहे. पुढील आसनांच्या मागे, डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत जाणारी मुख्य कमान एकाच अखंड नळीची असावी. ती ४५ मिलिमीटर व्यास व २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० मिलिमीटर व्यास व २ मिलिमीटर जाडी, याहून कमी नसावी. काचेच्या चौकटीलगत पुढील कमान, दोन्ही कमानींना जोडणाऱ्या लांबटीच्या नळ्या, आणि मुख्य कमानीला मागून टेकू देणाऱ्या दोन सरळ नळ्या असाव्यात. याशिवाय एक तिरपी नळी हवी. तिच्यावाचून चौकोन बाजूने दाब येताच समांतरभुज होऊन बसतो. तिरपी नळी घातली, की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी न बदलता बदलत नाही. भूमितीतील हे प्रमेय विद्यार्थ्याला फळ्यावरून जितके समजते, त्याहून अधिक चार पट्ट्या व चार खिळे हाती दिल्यावर समजते.

नळी थंड ओढकामाने केलेली, सांधारहित पोलादाची असावी. पाण्यासाठी वापरला जाणारा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त व सहज उपलब्ध म्हणून गळ्यात मारला जातो. तो या कामास मुळीच योग्य नाही. त्याच्या ताकदीची या कामापुरती कोणी हमी देत नाही, आणि वेल्डिंग करताना जळणाऱ्या जस्ताचा धूर कारागिराला ताप आणतो. वाकणाची गोलाई नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी असू नये. वाळू भरून, तापवून, हातोडीने वाकविलेल्या नळीला आतील बाजूस सुरकुती पडते. पिंजरा मोडावयाचा झाला, तर तो नेमका तेथेच दुमडतो.

आणि तरीही माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पिंजऱ्याच्या पायांकडे. जीपच्या तळाचा पत्रा पातळ असतो. त्यावर नळीचे टोक सरळ वेल्ड केले, तर गाडी उलटताच नळी सुईसारखी पत्र्यातून आरपार जाते. म्हणून पत्र्याखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची व १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी पट्टी घालून, कमानीचा प्रत्येक पाय उच्च प्रतीच्या किमान तीन बोल्टांनी आवळावा असा दंडक आहे. जीपचा सांगाडा, म्हणजे चासी, आणि वरची बॉडी यांच्यामध्ये रबरी गाद्या असतात. खडबडीत जमिनीवर चासी पिळते व बॉडी तिच्याबरोबर तंतोतंत पिळत नाही. काही पाय चासीला आणि काही बॉडीला पक्के जखडले, तर काही महिन्यांत सांध्यांना तडे जातात. तळ गंजलेला असेल, तर पिंजऱ्याचा विचारच सोडावा. उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे या भागांतील खाऱ्या हवेत रबरी पायपुसण्याखाली पत्रा कसा कुजतो, ते तेथील कोणताही वाहनधारक सांगेल. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी व इंधनाची टाकी उतरवावी. जुन्या जीपमध्ये ही टाकी चालकाच्या आसनाखालीच असे.

आता यातील विरोधाभास. शर्यतीच्या चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते आणि तो अनेक पट्ट्यांनी आसनाशी बांधलेला असतो. रोजच्या गाडीत उघडे डोके आणि शेजारीच पोलादी नळी, अशी स्थिती असते. उलटणे राहो, साध्या धडकेतही डोके त्या नळीवर आपटू शकते. सोफ्याचा मऊ फोम गुंडाळून हा धोका टळत नाही, कारण तो पहिल्या दाबातच पूर्ण चेपतो. त्यासाठी घट्ट, धक्का शोषणारे आवरण लागते. आसनपट्ट्याशिवाय तर पिंजरा निरर्थक आहे. पट्टा न लावलेला माणूस त्यातून बाहेर फेकला जातो आणि ज्या नळ्यांनी त्याला वाचवावयाचे, त्यांच्याच खाली सापडतो. वडापाच्या जीपमध्ये मागे लोंबकळणाऱ्या व टपावर बसणाऱ्या प्रवाशांच्या बाबतीत तर कोणत्याही पिंजऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे उपाय एकच, तो म्हणजे प्रवासीसंख्येवर नियंत्रण.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गाडीपुढे लावावयाच्या लोखंडी आडकाठ्यांवर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे निर्देश दिले होते. तेव्हा कारागिराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. विमा नाकारला गेल्यावर केलेली विचारणा उपयोगी पडत नाही. ज्याला केवळ रस्त्यावर गाडी चालवावयाची आहे, त्याने पिंजरा मुळातच अंगभूत असलेली गाडी घेणे श्रेयस्कर. २०२० साली आलेल्या नव्या ‘थार’मध्ये तो कारखान्यातूनच येतो, आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने मात्र जीपपेक्षा ट्रॅक्टरचा विचार अधिक निकडीचा आहे. बांध ओलांडताना, विहिरीच्या काठाशी, चिखलात रुतलेले चाक काढताना ट्रॅक्टर बाजूला अथवा मागे उलटतो आणि चालक चाकाखाली सापडतो. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि तेथे उलटण्याने होणारे मृत्यू पुढील दशकांत झपाट्याने घटले. आसनामागे दोन खांबांची कमान व कमरेचा पट्टा एवढीच ही रचना असते. ती गावच्या लोहाराकडून करून न घेता उत्पादकाने त्या नमुन्यासाठी तपासलेलीच घ्यावी. फळबागेत फांद्या लागतात म्हणून दुमडती कमान मिळते. ती दुमडलेली असताना पट्टा लावू नये व काम संपताच ती पुन्हा उभी करावी. आपल्याकडे उन्हासाठी लावलेल्या पातळ पत्र्याच्या छपरालाच अनेक शेतकरी संरक्षण समजतात. ग्रामसभेत ट्रॅक्टर खरेदीच्या कर्जप्रकरणांची चर्चा निघेल, तेव्हा विक्रेत्याकडील दरपत्रकात छप्पर लिहिले आहे की तपासलेली चौकट, हे सदस्यांनी कागद हाती घेऊन वाचावे.