दुसऱ्या लग्नाची मुलगी आणि बाबांचा वारसा

प्रश्न : बाबा भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला होते. मोठी आई, म्हणजे त्यांची पहिली पत्नी, अमरावतीकडे गावी असते. तिला दोन मुलगे आहेत. घटस्फोट न घेताच बाबांनी माझ्या आईशी देवळात विधिवत लग्न केलं. मृत्युपत्र न करताच ते गेले. भिलाईत त्यांनी स्वकमाईचं घर बांधलं, गावी वडिलोपार्जित शेती आहे. भाऊ म्हणतात, "तुझा इथं काही संबंध नाही." खरंच नाही का?
— एक वाचक भगिनी, भिलाई

उत्तर : ताई, संबंध आहे आणि तो कायद्याने मान्य केलेला आहे. पहिली पत्नी हयात असताना केलेलं लग्न हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार रद्दबातल ठरतं. पण त्याच कायद्याचं कलम 16 अशा लग्नाच्या मुलांना औरस मानतं. मोठ्यांच्या निर्णयाची शिक्षा लेकराला का, हाच त्यामागचा विचार. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हे लागू आहे.

भिलाईच्या घराचा हिशेब सरळ आहे. आजी हयात नसेल, तर मोठी आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार समान वाटे होतील. तुमच्या आईला मात्र पत्नी म्हणून वाटा मिळत नाही. कंपनीचं क्वार्टर कंपनीचंच असतं, ते वारशात येत नाही.

शेतीबद्दलचा वाद सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 रोजी रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या खटल्यात मिटवला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तुम्ही जन्माने हिस्सेदार नाही; पण मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असती, तर बाबांच्या वाट्याला जे आलं असतं, त्यात तुमचा हक्क आहे. समजा शेतीचे हिस्सेदार बाबा, मोठी आई आणि दोन मुलगे एवढेच आहेत. मग बाबांचा हिस्सा एक चतुर्थांश आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे शेतीचा सोळावा हिस्सा, तुमचा.

लग्नाचा पुरावा मात्र जपा. लग्नच झालं नसेल, तर कलम 16 लागत नाही. अशी मुलं फक्त आईकडूनच वारस ठरतात. वडिलांना त्यांना काही द्यायचं असेल, तर मृत्युपत्रासारखी वेगळी तरतूद करावी लागते. म्हणून लग्नाचे फोटो, साक्षीदार, तुमचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि बाबांच्या नोकरीतली कुटुंबाची नोंद गोळा करा. पीएफवर भावाचं नाव नॉमिनी म्हणून असलं, तरी तेवढ्याने तो पैशाचा एकटा मालक होत नाही.

आधी सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करा. भाऊ अडून बसले, तर वाटपाचा दावा लावा. भिलाई दुर्ग जिल्ह्यात असल्याने दोन्ही मिळकतींसाठी दुर्गच्या दिवाणी न्यायालयात एकच दावा चालू शकतो. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. दुर्गच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो.

वाटा मागताना मान खाली घालू नका. तुम्ही बाबांच्या कायदेशीर वारस आहात.